पाकिटावरच्या त्रिकोणावर विसंबू नका

शाम्पूच्या बाटलीच्या तळाशी, दह्याच्या डब्याखाली, पाण्याच्या बाटलीवर एक छोटा त्रिकोण असतो. एकामागून एक धावणारे तीन बाण आणि मधे एक आकडा. हे चिन्ह म्हणजे 'रिसायकल होतं', असं आपण शाळेपासून धरून चाललो आहोत. पर्यावरण दिनाच्या पोस्टरवरही हाच त्रिकोण रंगवलेला असतो. प्रत्यक्षात तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ही पद्धत आणली. १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे 'इतर'. ती वस्तू तुमच्या हातून सुटल्यावर तिचं पुढे काय होणार, याबद्दल त्रिकोण एक अक्षरही बोलत नाही. 'इतर'मध्ये तर अनेक थर चिकटवून बनवलेलं, कुठलाही भंगारवाला विकत न घेणारं प्लॅस्टिकही येतं. त्याच्याभोवतीही तेच तीन बाण फिरत असतात.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, प्लॅस्टिक हा माझा धंदा नाही. पण एखादी प्रणाली वर्षानुवर्षं सारखी फसत असेल, तर दोष वापरणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. प्लॅस्टिकच्या बाबतीत आपण ठरवून टाकलंय की दोष वापरणाऱ्याचा आहे. लोक कचरा वेगळा करत नाहीत, लोक बेशिस्त आहेत, आणि त्यातही 'त्या' वस्त्यांमधले लोक जास्तच. हे निदान चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. पॅकेजिंगचा मोठा भाग पुन्हा वापरात येऊच शकणार नाही अशा तऱ्हेने तो कारखान्यातच बनतो, आणि त्याची किंमत गोवंडी, धारावी, मालेगावसारख्या ठिकाणी राहणारे लोक मोजतात.

आधी आवाका पाहू. जगात आजवर बनलेल्या सगळ्या प्लॅस्टिकचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१७ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात आला. २०१५ पर्यंत सुमारे ६३० कोटी टन प्लॅस्टिक कचरा झाला होता. त्यातला साधारण ९ टक्के रिसायकल झाला, १२ टक्के जाळला गेला आणि ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर पडला. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ या एका वर्षात सुमारे ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा निघाला. यात मोठा वाटा पॅकेजिंगचा. खुर्ची वा बादली घरात दहा वर्षं राहते, वेफरचं पाकीट दहा मिनिटं.

यंत्रात नेमकं काय होतं

यांत्रिक रिसायकलिंग ऐकायला सोपं आहे. प्लॅस्टिक गोळा करा, जातीनुसार वेगळं करा, धुवा, यंत्रात टाकून चुरा करा, वितळवा, जाळीतून गाळून त्याच्या शेवया काढा, पाण्यात गार करा आणि कापून दाणा बनवा. हा दाणा कारखान्यात जातो आणि त्याची नवी वस्तू बनते. प्लॅस्टिकच्या मूळ रेणूंना धक्का न लावता फक्त त्यांचा आकार बदलायचा, म्हणून याला यांत्रिक म्हणतात. रासायनिक पद्धतीत रेणूच तोडले जातात. ती महाग असते आणि ऊर्जाही खूप खाते.

सगळी अडचण दुसऱ्या पायरीवर सुरू होते. बोलताना आपण 'प्लॅस्टिक' म्हणतो, पण तो एक पदार्थ नाही. ते आडनावासारखं आहे. घरात माणसं वेगवेगळी, स्वभाव वेगवेगळे. एलडीपीई साधारण ११० अंशांना वितळतं, पीपी १६० च्या पुढे, पीईटीला २५० अंश लागतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन नावाने भाऊ वाटतात, पण एकत्र वितळवले तर तेल-पाण्यासारखे फटकून राहतात. त्यातून बनलेली वस्तू बाहेरून ठीक दिसते आणि जोर लावला की तडकते.

पाण्याची एक जुनी युक्ती इथे कामी येते. चुरा हौदात टाकला की पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीईटी तळाला जातं. मात्र पीव्हीसीही तळालाच जातं, कारण त्याची आणि पीईटीची घनता जवळपास सारखी. ही चूक महागात पडते. पीईटी वितळवायच्या तापमानाला पीव्हीसी जळायला लागतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती यंत्राचं लोखंड खाते आणि पूर्ण घाणा पिवळा पाडते. त्यासाठी पीव्हीसी फार लागतं असंही नाही, चिमूटभर पुरतं. आता एखाद्या शीतपेयाच्या बाटलीकडे बघा. बाटली पीईटीची, झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, आणि अंगाला घट्ट बसवलेलं रंगीत वेष्टण कधी कधी पीव्हीसीचं. एका वस्तूत तीन जाती. हे वेष्टण कुणी बसवलं? गोवंडीतल्या कचरावेचक बाईने तर नक्कीच नाही.

मोठ्या देशांत जाती ओळखायला यंत्रं असतात. ती वस्तूवर अवरक्त प्रकाश टाकतात आणि परत आलेल्या प्रकाशावरून जात ठरवतात. पण काळ्या प्लॅस्टिकमधलं काजळीचं रंगद्रव्य हा प्रकाश गिळून टाकतं. यंत्राला तिथे काही दिसतच नाही. म्हणजे जेवणाचा तो झकास दिसणारा काळा डबा, जो हल्ली प्रत्येक पार्सलसोबत येतो, रंगामुळेच यंत्राच्या हिशेबातून बाहेर पडतो.

वेफरच्या पाकिटाचं कोडं

आता सगळ्यात अवघड गोष्ट. वेफरचं पाकीट हातात घ्या. बाहेर छपाईचा थर, आत चांदीसारखा चमकणारा अॅल्युमिनियमचा लेप, त्याच्या आत उष्णतेने चिकटणारा थर. काही पाकिटांत पॉलिप्रॉपिलीनवर पॉलिप्रॉपिलीन असतं, काहींत पीईटी आणि पॉलिथिन एकत्र चिकटवलेलं असतं. अॅल्युमिनियमचा लेप मायक्रॉनच्या काही शतांश भागाइतकाच जाड असतो. हे सगळं मिळून हवा आणि ओल बाहेर ठेवतं, म्हणून महिनाभरानंतरही वेफर कुरकुरीत लागतो.

इंजिनिअर म्हणून मला या पाकिटाचं कौतुक वाटतं. इतक्या कमी मालात इतकं काम करणारी वस्तू बनवणं खायचं काम नाही. पण तिच्या रचनेत 'वापरून झाल्यावर काय' हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. चिकटवलेले थर पुन्हा सोडवायचे म्हणजे मिसळलेलं मीठ आणि साखर दाणा दाणा वेचून वेगळं करण्यासारखं आहे. करता येत नाही असं नाही. पण ते करण्याचा खर्च मिठाच्या आणि साखरेच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त येतो.

वजनाचं गणितही तसंच. पाच रुपयांच्या वेफरचं रिकामं पाकीट दोन-तीन ग्रॅमचं. एक किलो भरायला तीनशेहून अधिक पाकिटं वाकून उचलावी लागतात. लिटरच्या पाण्याच्या चाळीस-पन्नास बाटल्यांत किलो भरतो, आणि बाटलीला भाव आहे. म्हणून रस्त्यावर बाटली दिसत नाही आणि पाकिटं दिसतात. ज्याला पोट आहे त्याने केलेला हा शहाणपणाचा हिशेब आहे. त्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

प्रत्येक फेरीत थोडं कमी

समजा सगळं नीट वेगळं झालं, स्वच्छ धुतलं गेलं. तरी एक मर्यादा उरतेच. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. पहिल्याने पाठवला तेव्हा चेहरे स्पष्ट होते, पंधराव्या हाती पोहोचेपर्यंत नुसते धब्बे उरतात. दर वेळी फाइल लहान करताना थोडी माहिती कायमची जाते. प्लॅस्टिकचे लांब लांब रेणू उष्णतेने आणि यंत्राच्या घर्षणाने असेच तुटत जातात. पीईटीमध्ये ओल राहिली तर वितळताना पाणीच त्याच्या साखळ्या कापतं, म्हणून ते आधी तासन् तास सुकवावं लागतं. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या आखूड होत जातात आणि माल ठिसूळ होतो. नव्या दाण्याची भर घालून दर्जा सावरता येतो. पण म्हणजे नवं प्लॅस्टिक लागलंच.

दुसरी मर्यादा स्वयंपाकघरात रोज दिसते. हळदीचा रस्सा ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा कितीही घासला तरी पिवळाच राहतो. हळद वर चिकटलेली नसते, आत मुरलेली असते. तेल, वास, साबण, कीटकनाशक, सगळं असंच मुरतं. रिसायकल केलेल्या प्लॅस्टिकमध्ये पुन्हा अन्न भरताना म्हणूनच इतकी काळजी घ्यावी लागते. भारतात अन्नाच्या पॅकिंगसाठी असं प्लॅस्टिक वापरायला मनाई होती. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फक्त पीईटीसाठी, ठरावीक प्रक्रिया पाळण्याच्या अटीवर, दार उघडलं. त्यामुळे बहुतेक पॅकेजिंग पुन्हा पॅकेजिंग होत नाही. बाटलीचा धागा होतो, धाग्याचा टी-शर्ट, आणि टी-शर्ट फाटला की प्रवास संपला. त्या तीन बाणांच्या वर्तुळाची प्रत्यक्षात एक उतरती वाट असते.

तिसरी मर्यादा बाजाराची. नवं प्लॅस्टिक खनिज तेल आणि वायूपासून बनतं. तेल उतरलं की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्या दाण्याला गिऱ्हाईक राहत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत तेलाचे भाव कोसळले तेव्हा जगभरातल्या रिसायकलिंग करणाऱ्यांनी हे भोगलं. तेलाचा भाव कुठल्या तरी दूरच्या देशात ठरतो आणि त्या दिवशी गोणी विकली जाईल की नाही, हे धारावीत ठरतं.

गोदामात

माझ्या शाळेतल्या एका मित्राच्या घरचं भंगाराचं गोदाम आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचा हिशेब कागदावरून संगणकावर आणायला मी काही रविवार तिथे बसलो. कामाची पहिली पायरी म्हणून मी विचारलं, "चाचा, मालाचे प्रकार किती?" मला वाटलं सात सांगतील. त्यांनी चाळीसच्या पुढे मोजले आणि मग म्हणाले, "लिखते रहो बेटा, अभी झाकण बाकी है." दुधाची पिशवी वेगळी, तेलाची वेगळी. पांढरा डबा वेगळा, रंगीत वेगळा. पारदर्शक बाटलीचा भाव वेगळा, हिरव्या बाटलीचा कमी, कारण रंग काढता येत नाही आणि हिरव्याचं हिरवंच होतं.

तिथे बसणाऱ्या बायका तुकडा हातात घेऊन वाकवतात, आपटून आवाज ऐकतात. शंका आली तर कोपरा पेटवून ज्योतीचा रंग बघतात आणि धुराचा वास घेतात. मेणबत्तीसारखा वास आला की एक ढीग, तिखट आला की दुसरा. लाखो रुपयांचं यंत्र जे काम करतं ते त्या नाकाने करतात. हे कौशल्य आहे यात शंका नाही. पण त्या धुराची किंमत कोण मोजतं, हेही त्याच श्वासात विचारायला हवं. पीव्हीसीचा धूर फुप्फुसाला विचारून आत जात नाही.

गोदामाच्या मागच्या भिंतीला एक ढीग होता, त्याला रकानाच नव्हता. चमकणारी पाकिटं, पाउच, सॅशे. मी विचारलं, हे कुठल्या खात्यात टाकू? मित्र म्हणाला, "हे माल नाही. बाकीच्या मालाबरोबर फुकट आलेलं ओझं आहे." ते ओझं महापालिकेच्या गाडीत जातं आणि पुढे कचराभूमीत. मुंबईत कचराभूमी म्हटलं की देवनार. १९२७ पासून तिथे शहराचा कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातूनही दिसला होता. त्या धुरात राहणारी वस्ती कुणाची आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

मालेगावची गोष्ट थोडी वेगळी. तिथे यंत्रमागांच्या सोबतीने प्लॅस्टिक गिट्टीचे कारखाने उभे राहिले. गिट्टी म्हणजे कापलेल्या, धुतलेल्या प्लॅस्टिकचा चुरा. त्यातून शेतीचे पाइप बनतात, बहुधा काळे, कारण दहा रंगांची भेसळ फक्त काळ्यात लपते. शेतकऱ्याला स्वस्त पाइप मिळतो, हजारो घरं चालतात. दुसरीकडे धुण्याचं पाणी गटारात जातं, वितळवण्याचा धूर मोहल्ल्यात पसरतो आणि प्रदूषणाच्या तक्रारी होतात. त्या तक्रारी खोट्या नाहीत. आपल्या लोकांचा धंदा आहे म्हणून धुराकडे काणाडोळा करता येणार नाही. त्या धुरात पहिला श्वास आपलीच मुलं घेतात. पण 'कारखाने बंद करा' हे उत्तरही अर्धवट आहे. हे कारखाने उद्या बंद झाले तर परवा तो कचरा कुठे जाणार, याचं उत्तर बंदीची मागणी करणाऱ्यांकडे नसतं.

कायद्याने काय केलं

२०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत एक चांगली तरतूद होती. रिसायकल न होणारं बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं. दोन वर्षं संपत आली तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, शब्द बदलले. आता बंदी फक्त त्या पाकिटांवर उरली जी रिसायकल होत नाहीत, ज्यांपासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्यांचा दुसरा कुठलाच उपयोग नाही. प्लॅस्टिक जाळलं तर ऊर्जा मिळतेच. म्हणजे बंदीच्या कक्षेत फारसं काही राहिलं नाही. प्रोग्रॅममधल्या एका अटीत 'किंवा' घातला की पूर्ण तपासणी निकामी होते, हे आम्ही रोज पाहतो. इथे ते राजपत्रात घडलं.

त्याच महिन्यात महाराष्ट्राने स्वतःची प्लॅस्टिकबंदी जाहीर केली. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत ठेवून ती दुकानात परत घ्यायची, अशी त्यात योजना होती. कल्पना उत्तम होती. माझ्या वस्तीतल्या एकाही दुकानात ती चालू असलेली मी पाहिली नाही. दंडाच्या पावत्या मात्र हातगाडीवाल्यांना आणि भाजीवाल्यांना मिळाल्या. पिशवी देणारा माणूस रस्त्यावर दिसतो, पाकीट बनवणारा दिसत नाही. कायदाही दिसेल त्यालाच पकडतो.

२०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांची विस्तारित जबाबदारी, म्हणजे ईपीआर, सविस्तर लागू केली. जो पॅकेजिंग बाजारात आणतो त्याने तेवढं गोळा करून रिसायकल करवून घ्यायचं, किंवा करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचं. नव्या पॅकेजिंगमध्ये जुनं प्लॅस्टिक किती टक्के असावं हेही ठरलं. कडक प्लॅस्टिकसाठी २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. बहुस्तरीयसाठी ५ पासून सुरू होऊन १० टक्के. दिशा बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. जुन्या दाण्याला कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर तेलाच्या भावाची टांगती तलवार थोडी दूर होते.

पण अंमल एका पोर्टलवर उभा आहे, आणि पोर्टल म्हणजे माझा विषय. डेटाबेसला सत्य कळत नाही. जे भरलं ते त्याच्या लेखी झालं. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत उघड झालं की महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या मोजक्या कंपन्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं तयार केली होती. प्लॅस्टिक जागेवरून हललं नाही आणि कागदावर रिसायकल झालं. दुसरीकडे, ज्या गोदामात खरंच चाळीस जाती वेगळ्या होतात त्याचं पोर्टलवर नावच नाही. प्रमाणपत्र फक्त नोंदणीकृत रिसायकलर देऊ शकतो. नोंदणीला प्रदूषण मंडळाची संमती हवी, जीएसटी हवा, जागेचे कागद हवेत. धारावीतल्या पोटमाळ्यावरच्या कारखान्याकडे जागेचे कागद कुठून येणार? प्रमाणपत्राचा पैसा म्हणून वरच्या वर फिरतो आणि ज्याने वाकून माल उचलला त्याच्यापर्यंत झिरपत नाही.

'मग रस्त्यात घाला' असं म्हणणाऱ्यांना

या चर्चेत दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, डांबरात घालून रस्ते बनवा. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाकीट नाल्यात तुंबण्यापेक्षा रस्त्यात गेलेलं बरं, यात वाद नाही. दुसरं, सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळा. तेही उघड्यावर जाळण्यापेक्षा कितीतरी बरं. पण दोन्ही वाटा एकेरी आहेत. त्या वाटेने गेलेलं पाकीट परत येत नाही, आणि उद्याच्या पाकिटासाठी उद्या पुन्हा नवं प्लॅस्टिक लागतं. अशा विल्हेवाटीला रिसायकलिंग म्हणत गेलो तर रचना सुधारायची कुणाला गरजच भासणार नाही.

प्लॅस्टिक पूर्ण बंद करा, असंही मी म्हणणार नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात शाम्पू दोन रुपयांच्या पुडीतच येतो आणि तेल छोट्या पाउचमध्ये. ती पुडी बंद करून दोनशे रुपयांची काचेची बाटली घ्या, असं सांगणं ज्यांना परवडतं त्यांचं पर्यावरणप्रेम आहे. प्रश्न पुडीच्या रचनेचा आणि तिच्या परतीच्या वाटेचा आहे.

आणि रचना बदलता येते. दक्षिण कोरियाने २०१९ च्या अखेरीस रंगीत पीईटी बाटल्यांवर आणि पीव्हीसीच्या पॅकेजिंगवर कायद्याने निर्बंध आणले. स्प्राइटची हिरवी बाटली ही अनेक दशकांची ओळख. २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेत ती पारदर्शक झाली आणि कंपनीने कारण रिसायकलिंगचंच दिलं. पेय तेच राहिलं, खपही थांबला नाही. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटलीवर अनामत घेतात, आता ती २५ सेंट आहे, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येतात. तिथले लोक जन्मतः शिस्तीचे आहेत म्हणून हे घडलं, असं समजू नका. बाटलीला किंमत आहे म्हणून ती परत येते. आपल्याकडे सोड्याची काचेची बाटली दुकानात परत जात होती, तीही याच कारणाने.

आपण काय मागायचं, आपण काय करायचं

माझ्या मते मागण्या चार आहेत. एक, पाकिटं शक्य तिथे एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असावीत. बाटली पारदर्शक असावी, आणि पीव्हीसीचं वेष्टण व काळा रंग अन्नाच्या पॅकिंगमधून जावा. दोन, २०१८ मध्ये सैल केलेली बहुस्तरीय प्लॅस्टिकची तरतूद मूळ रूपात परत यावी, मुदत हवी तर नव्याने ठरवावी. तीन, ज्या पाकिटाला बाजारात भाव नाही ते उचलण्याची मजुरी बनवणाऱ्याने द्यावी, आणि ती थेट उचलणाऱ्याच्या हातात पडावी. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून पुढे आलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पाहा. कचरावेचकांच्या मालकीची संस्था महापालिकेशी करार करून दारोदार काम करू शकते, हे तिथे सिद्ध झालंय. चार, छोट्या कारखान्यांसाठी सामायिक धुलाई केंद्र, पाणी शुद्ध करणारी सोय आणि धूर ओढणारी यंत्रणा सरकारने उभारावी, जशी इतर उद्योगांच्या वसाहतींत उभारली जाते. धारावीच्या पुनर्विकासाच्या आराखड्यावर बोलतानाही हाच प्रश्न विचारायला हवा: माणसांना घरं मिळतील, पण वेगळं करण्याचं हे काम कुठल्या मजल्यावर चालणार?

आता आपल्याबद्दल. आपल्यातल्या अनेकांच्या घरात एखादा मामा, एखादे चाचा, शेजारचं एखादं कुटुंब भंगाराच्या धंद्यात असतं. शिकलेली पोरं त्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. लग्नाच्या बोलणीत त्याला 'स्क्रॅपचा बिझनेस' असं गुळगुळीत नाव मिळतं. शहराचं ओझं उचलणाऱ्या कामाची लाज वाटावी, असं त्यात काही नाही. लाज वाटायची असेल तर त्या कामात आजही हातमोजे नाहीत याची वाटावी.

ही लाज सोडली की करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला आंदोलनाची वाट पाहावी लागत नाही. जो वाणिज्य शिकलाय तो दोन गोदामांची जीएसटी नोंदणी करून देऊ शकतो. जी वकिली शिकतेय ती प्रदूषण मंडळाच्या संमतीचा अर्ज समजावून सांगू शकते. ज्याला संगणक येतो तो आवक-जावक नोंदवायची साधी वही फोनवर बनवू शकतो. मी बनवलेली तशीच साधी आहे आणि चाचा ती रोज भरतात. खरी, तारखेसकट, वजनासकट नोंद असलेलं एक गोदाम बनावट प्रमाणपत्रांच्या बाजारात सगळ्यात भक्कम पुरावा ठरतं. दहा गोदामं एकत्र येऊन सहकारी संस्था झाली, तर ती पोर्टलवर स्वतःच्या नावाने जाऊ शकते आणि ईपीआरचा पैसा मागू शकते.

घरापुरतं सांगायचं तर ओला-सुका कचरा वेगळा ठेवा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो तुकडा कुणीच उचलत नाही. पिशवी विसळून वाळवा. धुतलेल्या मालाला गोदामात जास्त भाव मिळतो आणि वेचणाऱ्या हाताला कुजलेला वास लागत नाही. हे जरूर करा. फक्त एवढ्याने आपलं कर्तव्य संपलं असं मानू नका, कारण कितीही विसळलं तरी वेफरचं पाकीट त्या मागच्या भिंतीच्या ढिगातच जाणार आहे. ते तिथून हलवायचं असेल तर ते बनवणाऱ्याला प्रश्न विचारावा लागेल. पाकिटावर त्रिकोणाजवळच उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबरही छापलेला असतो. कायद्यानेच तो छापायला लावलाय. एकदा फोन करून विचारा की हे रिकामं पाकीट कुठे रिसायकल होतं, कारखान्याचं नाव सांगा. उत्तर काय मिळतं ते आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका.